पुण्यात हौशी सिंफनिक कोरस: पहिली मैफल आणि शाळांमधला उपक्रम, तयारी कशी करावी?

आल्टो_कोथरूड

कोथरूड-कर्वेनगर भागातल्या ३८ जणांचा कोरस जूनपासून सुरू होतो आहे. सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) १४, आल्टो (बायकांचा खालचा) १३, टेनर (पुरुषांचा वरचा) ३, बेस (पुरुषांचा खालचा) ८. निम्म्याहून जास्त जण हिंदुस्थानी संगीत शिकलेले आहेत, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे फक्त सात. जानेवारीअखेर वाद्यवृंदासह पहिली मैफल करायची आणि त्याआधी चार शाळांमध्ये समूहगानाचा उपक्रम घ्यायचा, असा बेत आहे.

चर्चेत तीन रचना आहेत: बेथोव्हनची नववी सिंफनी, मोत्झार्टचं रेक्विएम (मृतांसाठीची प्रार्थना) आणि विवाल्दीचं ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं लॅटिन स्तोत्र). यातली कोणती घ्यावी? टेनर तीनच आहेत, त्याचं काय करावं? सभागृह, माइक, शाळा, हक्क या सगळ्याबद्दल माहितगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मंद्रषड्ज

नववी सिंफनी बाजूला ठेवा. कोरस फक्त चौथ्या भागात आहे, म्हणजे पाऊण तास गप्प बसून एकदम वरच्या पट्टीत उतरायचं. सोप्रानोंना वरचा ए (पांढरी सहा) कित्येक बार (स्वरलिपीतला तालाचा एकेक खंड) धरून ठेवावा लागतो. वाद्यवृंदात पिकोलो, कॉन्ट्राबसून, चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन आहेत. त्या फळीसमोर ३८ आवाज ऐकूच येणार नाहीत.

रेक्विएम साधारण ५० मिनिटांचं. त्यात दोन बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीचं खालच्या सुराचं वाद्य) लागतात, ते आपल्याकडे मिळणं अवघड आहे. क्लॅरिनेटवर भागवता येतं, पण तीन ट्रॉम्बोन हवेतच, कारण ते आल्टो, टेनर आणि बेसला जागोजागी आधार देतात. दोन वर्षांनी जरूर करा.

विवाल्दीचं ग्लोरिया, आरव्ही ५८९ (विवाल्दीच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), तुमच्या मापाचं आहे. सुमारे ३० मिनिटं, १२ भाग. त्यातल्या नऊ भागांत कोरस आहे, तीन निव्वळ एकल. एकल गायिका म्हणजे दोन सोप्रानो आणि एक आल्टो, पुरुष एकल गायक लागतच नाही. वाद्यं: एक ओबो, एक ट्रम्पेट, तंतुवाद्यं आणि कंटिन्युओ (खालची ओळ सतत धरणारी साथ: चेलो, बेस, ऑर्गन). पहिली व्हायोलिन्स ४, दुसरी ४, व्हायोला २, चेलो २, डबल बेस १, ओबो, ट्रम्पेट आणि ऑर्गनचा आवाज असलेला कीबोर्ड, एकूण १६ वादक. ३८ गळ्यांना हा तोल बरोबर बसतो.

कीबोर्डवाल्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: ट्रान्सपोज (सगळी पट्टी वरखाली सरकवणारं बटण) बंद. सुगम संगीताच्या कार्यक्रमात ते बटण कायम वरखाली होत असतं आणि मैफलीच्या दिवशी अर्धा सूर वर राहिलेलं पहिल्या बारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

काळी_चार

टेनरबद्दल. तिघांवर पूर्ण ओळ टाकलीत तर ते ओरडतील आणि तालमीच्या दुसऱ्या महिन्यात घसा बसेल. आल्टोतल्या ज्या तीन-चार जणींचा खालचा आवाज भरीव आहे त्यांना टेनरमध्ये बसवा. मधल्या सी-च्या (कीबोर्डच्या मध्यावरची पांढरी एक) खालची पांढरी चार ज्यांना दमदार लागते त्यांनाच घ्या. त्याखाली गेलं की त्या जागा तीन पुरुषांनी सांभाळायच्या. ही तडजोड आहे असं अजिबात मानू नका. विवाल्दीने हे काम व्हेनिसच्या पिएता नावाच्या अनाथालयासाठी लिहिलं, आणि तिथल्या गायिका-वादक मुली आणि बायकाच होत्या.

एक घोटाळा मात्र हमखास होतो. टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांसाठी रेषांच्या सुरुवातीला असलेलं चिन्ह) लिहिलेली असते आणि क्लेफखाली बारीक आठचा आकडा असतो, म्हणजे गायचं एक सप्तक खाली. आल्टोमधून आलेल्या बायका तो आकडा पाहत नाहीत आणि लिहिलंय तिथेच गातात. मग टेनरची ओळ सोप्रानोच्या डोक्यावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या प्रतीवर त्या आठभोवती पेन्सिलीने गोल करून घ्या.

उभं करताना टेनर मधोमध, पुढच्या रांगेत. कमी संख्येचा आवाज कडेला ठेवला की हरवतो.

तालमाळ

नोटेशन वाचणारे सातच असतील तर सगळं सारेगममध्ये लिहून द्या. ज्यांना भातखंडे पद्धत येते त्यांना त्यात अडचण नाही. आपला सा हलता आहे. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेनने एकोणिसाव्या शतकात टॉनिक सोल्फा पसरवली ती याच तत्त्वावर, आणि कारखान्यांतल्या कामगारांचे कोरस त्यातूनच उभे राहिले. मेजर म्हणजे बिलावल, नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट, हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणी. पहिल्या भागासाठी सा म्हणजे पांढरी दोन.

सदाशिवपेठी_व्हायोला

तालमाळ, सुरुवातीसाठी मान्य, पण पूर्ण रचना सारेगममध्ये देणं चुकीचं ठरेल. या रचनेत एकाच भागात सा तीन-चार वेळा सरकतो. प्रत्येक ठिकाणी नवा सा कुठे धरायचा यावरच वाद होतील. दुसरं, सारेगममध्ये आपली एकच ओळ दिसते. कोरसमध्ये बाकीच्या तीन ओळी डोळ्यांसमोर लागतात, कारण आपला प्रवेश दुसऱ्याच्या सुरावरून उचलायचा असतो. तिसरं, कंडक्टर म्हणतो 'बार ४३', तेव्हा सगळ्यांचं बोट एकाच जागी जायला हवं.

म्हणून पहिले सहा आठवडे रोज नव्हे, पण प्रत्येक तालमीत पंधरा मिनिटं वाचन: ताल आधी, स्वर मागाहून. पहिले दोन आठवडे फक्त टाळ्या आणि अक्षरं. नंतर पाच स्वरांचं क्षेत्र, सा ते प. ज्याला बंदिश लिहिता येते त्याला हे सहा आठवड्यांत जमतं. सारेगम पेन्सिलीने अवघड उडीच्या वर लिहावं, तेवढंच.

आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. एकाने इथून, दुसऱ्याने तिथून उतरवून घेतलं की पानं जुळत नाहीत, काही ठिकाणी स्वरही वेगळे निघतात.

तालमाळ

बारच्या क्रमांकाचा मुद्दा पटला. तरीही स्वर शोधायला सारेगम आणि पान बघायला स्टाफ, ही जोडी पहिल्या वर्षी सोडू नये असंच माझं मत आहे.

आल्टो_कोथरूड

फार उपयोगी. आणखी एक. दुसरा भाग, 'एत इन तेर्रा पाक्स', पियानोशिवाय गायला घेतला की शेवटी पाव ते अर्धा सूर खाली उतरतो. सगळे सुरेल आहेत, तरी असं का होतं?

मंद्रषड्ज

तो भाग बी मायनरमध्ये, संथ लयीत आणि अर्ध्या अर्ध्या सुरांनी सरकणारा आहे. उतरती अर्धपायरी प्रत्येक जण किंचित मोठी घेतो आणि चढती किंचित लहान. एकेक चूक ऐकू येत नाही, पण पाच मिनिटांत ती साचत जाते. उपाय असे:

श्वास. वाक्य संपताना हवा कमी पडली की सूर बसतो. आठ बेसनी एकाच ठिकाणी श्वास घेऊ नये, पाळीपाळीने घ्यावा. शेजाऱ्याने घेतला की आपण घ्यायचा नाही, आणि शब्दाच्या मध्ये घेतला तरी चालेल पण बारच्या रेषेवर नको. परत आत येताना हळू आवाजात यायचं.

दुसरं, तानपुरा. तुमच्याकडच्या मंडळींचं हे मोठं भांडवल आहे. ए ४४० हर्ट्झवर लावून बी-चा षड्ज-पंचम धरा आणि तो भाग अर्ध्या लयीत, एका स्वरावर 'नू' म्हणत गा. जिथे ओळ सा किंवा प-वर येते तिथे घसरण लगेच उघडी पडते. मोबाइलवरचा तानपुरा चालेल, फक्त ४४० तपासा. घरच्या हार्मोनियमवर विसंबू नका, प्रत्येक पेटीचा सूर वेगळा असतो आणि ओबोला तिच्याशी जुळवून घेता येत नाही.

आता एक बारकावा. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो. कोरस नुसता गात असताना मेजर कॉर्डमधला (सा, ग, प एकत्र) गांधार तसाच हवा, तेव्हाच कॉर्ड शांत वाजते. पण कीबोर्ड सोबत असताना लांबलेल्या गांधाराची टक्कर ऐकू येते. म्हणून कीबोर्डवादकाने लांब कॉर्डमध्ये गांधार सोडून फक्त सा आणि प दाबावे. एवढ्यानेच अर्धी कटकट मिटते.

खर्जातला_बेस

हिंदुस्थानी गायकीतून आलेल्यांच्या चार सवयी बदलाव्या लागतात, आणि त्या आदराने बदलाव्यात, कारण त्या चुका नाहीत, दुसऱ्या कलेतलं सौंदर्य आहे.

मींड. इथे स्वरावरून स्वरावर थेट जायचं. चौदा जणी चौदा वेगवेगळ्या मींडा घेतात तेव्हा धूसर पट्टा ऐकू येतो. कण आणि खटका तर पूर्ण बंद.

स्वरवर्ण. मराठी तोंडातला 'अ' आखूड आणि बंद असतो. लॅटिनमध्ये तो नाहीच, उघडा 'आ' आहे. शुद्ध स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. 'ग्लोरिआ' तीन अक्षरी, शेवटचा आ मोकळा, 'ग्लोर्या' नव्हे. 'एक्सेल्सिस' चा चर्चमधला उच्चार 'एक्-शेल्-सिस'. 'आग्नुस' चा 'आन्युस'. 'चेलेस्तिस' असं म्हणतात ते कागदावर सी-ओ-ई ने सुरू होतं, म्हणून पहिल्या दिवशी सगळा मजकूर देवनागरीत छापून द्या. अर्थही खाली हवा. 'ग्लोरिआ इन एक्शेल्सिस देओ' साठी मराठी बायबलात 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' असे शब्द आहेत. अर्थ कळला की आवाजात फरक पडतो.

शेवटचं व्यंजन. 'पाक्स' चा 'क्स' ३८ जणांनी म्हटला की फटाक्याची माळ लागते. प्रत्येक आवाजातल्या दोघांनीच 'स' म्हणावा, तोही कंडक्टरच्या हातावर. कोणत्या ठोक्यावर तोडायचं ते सगळ्यांच्या प्रतीत लिहिलेलं हवं.

चौथी, आणि सगळ्यात कठीण: स्वतःचा आवाज ओळखू येईल इतका मोठा गायचा नाही. शेजारच्या दोघांचा आवाज आपल्याइतकाच ऐकू आला पाहिजे.

सदाशिवपेठी_व्हायोला

वेळापत्रक. जून ते जानेवारीअखेर सुमारे ३५ आठवडे दिसतात, हातात येतात २५. गणपतीचे दोन आठवडे जातात, दिवाळीचे दोन, उरलेले पावसात आणि लग्नात. शिवाय जुलैपासून ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. कोरसमधले तरुण तिकडे असतील तर त्या काळात त्यांच्याकडून वरचे स्वर काढून घेऊ नका. डिसेंबरच्या मध्यावर सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्या आठवड्यात तालीम ठेवलीत तर अर्धे येणार नाहीत.

दोन तासांची तालीम: १५ मिनिटं शरीर आणि आवाज, १५ वाचन, ४० वेगवेगळ्या खोल्यांत आवाजवार, १० चहा, ४० एकत्र. आवाजवार तालमीसाठी चार खोल्या आणि निदान दोन पेट्या किंवा कीबोर्ड लागतात, म्हणून शाळेची इमारत सोयीची.

सुरुवात शेवटच्या भागापासून करा. 'कुम साङ्क्तो स्पिरितु' फ्यूग आहे (एकच चाल आवाज एकामागून एक उचलतात आणि त्या एकमेकांत गुंफल्या जातात) आणि तो पचायला चार महिने लागतात. पहिला भाग लोकांना लगेच आवडतो, त्यामुळे सगळे त्यावरच वेळ घालवतात आणि जानेवारीत फ्यूग कच्चा राहतो. घरच्या सरावासाठी म्यूझस्कोअर या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकून प्रत्येक आवाजाचा ट्रॅक करता येतो, आपली ओळ मोठी, बाकीच्या हळू. सप्टेंबरनंतर उलटा ट्रॅक द्या: आपली ओळ गायब, बाकीच्या तिन्ही चालू. पाठांतर खरं झालंय की नाही ते त्यावर कळतं.

वाद्यवृंदासोबत दोन एकत्र तालमी आणि रंगीत तालीम, याहून कमी चालणार नाही. कोरसला तिथे नवा धक्का बसतो. मागच्या रांगेपासून पुढची व्हायोलिन्स दहा मीटरवर असतील तर आवाज पोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, आणि परत श्रोत्यांपर्यंत जायला आणखी. म्हणजे ऐकून गाणारा नेहमी मागे पडतो. सुराला कान, लयीला डोळे. म्हणून नोव्हेंबरपासून प्रत्येकाला पहिले दोन आणि शेवटचे दोन बार पाठ हवेत, मान वर करून गाता आले पाहिजेत.

रंगमंचामागे

सभागृह आजच ठरवा. डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचा मोसम, नाट्यगृहं भरलेली असतात, आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ नाटकांकडे जाते. बुकिंग सत्रावर असतं. पायऱ्या लावणं, खुर्च्या, वाद्यं जुळवणं हे त्याच सत्रात धरावं लागतं, म्हणून लागोपाठ दोन सत्रं घ्या.

नाट्यगृहाची रचना बोलण्यासाठी असते. रंगमंचाच्या वर पडदे ओढून घेण्याची उंच पोकळी असते, आजूबाजूला कापडी विंगा. कोरस मागे उभा केला की आवाज वर जातो आणि कापडात मुरतो. दर्शनी चौकटीच्या जितकं पुढे येता येईल तितकं या, मागचा पडदा उचला आणि कोरसच्या पाठीमागे १२ मिलिमीटर प्लायवुडचे आठ फूट उंच तक्ते किंचित पुढे झुकवून उभे करा, खाली वजन ठेवून. चर्चमध्ये उलट अडचण. दगडी भिंती, उंच छत, आवाज रेंगाळतो. तिथे जलद भाग थोडे संथ घ्या आणि व्यंजनं ठोक्याच्या आधी टाका. कॅम्पातला मझदा हॉलही पाहून या, पण कुठल्याही जागी आधी दहा जणांना घेऊन गाऊन बघा, नुसत्या टाळीवर भरवसा ठेवू नका.

पायऱ्या: तीन टप्पे, प्रत्येकी २० सेंटिमीटर उंच, ४५ खोल. माणशी ५५ सेंटिमीटर रुंदी. ३८ जण तीन रांगांत म्हणजे रांगेला १३, सात मीटरहून थोडं जास्त. मागच्या टप्प्याला कठडा हवाच. अर्धा तास उभं राहून गुडघे ताठ ठेवले की चक्कर येते, म्हणून एकल भागांत कोरसला बसवा. मंडपवाल्याच्या फळ्या कुरकुरतात, खाली रबर घाला.

माइक: शक्यतो नकोतच. मोठ्या जागेत लागले तर दोन किंवा तीन कार्डिऑइड कंडेन्सर (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे संवेदनशील माइक), पहिल्या रांगेच्या ६० ते ९० सेंटिमीटर पुढे, शेवटच्या रांगेच्या डोक्याहून थोडे वर. दोन माइकमधलं अंतर, माइक आणि गायक यांच्या अंतराच्या तिप्पट. साउंडवाला सवयीने प्रत्येकाला हातातला माइक देऊ पाहील आणि समोर मॉनिटर (गायकांकडे तोंड केलेला स्पीकर) ठेवेल. दोन्हीला ठाम नकार द्या. मॉनिटर ठेवला की माइक तोच आवाज उचलून शिट्टी मारतात.

संगीतशिक्षिका

शाळांबद्दल विस्ताराने लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. बहुतेक कोरस शाळेत जाऊन अर्धा तास गाऊन दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि संपतं. चार शाळा घेण्यापेक्षा दोन घ्या आणि प्रत्येक ठिकाणी सहा वेळा जा. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं वर्गात येण्यात जातात, म्हणून ३० चं नियोजन करा. वर्ग एकच, चाळीस ते पन्नास मुलं. मुख्याध्यापकांना जूनमध्येच पत्र द्या, महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागेल ती वेळेत मागा. परीक्षा आणि स्नेहसंमेलनाचे आठवडे टाळा. जुलै-ऑगस्ट उत्तम.

पट्टी ही पहिली चूक. बाई स्वतःच्या सोयीने काळी चार किंवा पाच धरतात, मुलं खालच्या सुरात पुटपुटतात किंवा ओरडतात. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी सा पांढरी दोन ते चार या दरम्यान, मधल्या सी-च्या वर, आणि गाणं त्याच्या वरच्या एका सप्तकात. 'मोठ्याने गा' असं कधीच सांगू नका, 'लांबवर ऐकू जाईल असं गा' म्हणा.

क्रम असा. पहिली भेट: एकच सूर, एकच स्वर, सगळे मिळून. ५० मुलांना एका सुरावर आणायला २० मिनिटं लागतात, लागू द्या. दुसरी: अर्धा वर्ग सा धरतो, अर्धा चार स्वरांची चाल गातो. हा पहिला दोन आवाजांचा अनुभव, आणि तानपुरा माहीत असलेल्या मुलांना तो लगेच कळतो. तिसरी: एकाच चालीच्या दोन ओळी सतत फिरत्या. चौथी: कॅनन, म्हणजे एका गटाने सुरू केल्यावर दुसऱ्याने दोन बार उशिरा तेच सुरू करायचं.

कॅननसाठी चाल भूपात बांधा. सा रे ग प ध यांत म आणि नी नसल्याने दोन स्वरांमध्ये अर्ध्या सुराची टक्कर कुठेच होत नाही. कोणत्याही ठिकाणी दुसरा गट आत आला तरी कानाला गोड लागतं. मुलं चुकली तरी गाणं मोडत नाही, आणि न मोडलेलं गाणं हीच त्यांची हिंमत. बिलावलमधला कॅनन मात्र आधी कागदावर तपासून घ्यावा लागतो.

पाचव्या भेटीत मुलांच्या गाण्याखाली कोरसच्या आठ जणांनी बाकीचे आवाज गायचे. सहाव्यात पालकांसमोर पंधरा मिनिटं.

सातवी ते नववीच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांना 'तू नुसते ओठ हलव' असं सांगितलं जातं, ते पाप आहे. त्यांच्यासाठी मधल्या सी-च्या आसपासची पाच-सहा स्वरांची ओळ लिहा, सा आणि प-वर रेंगाळणारी. हीच मुलं पुढे तुमचे टेनर आणि बेस होणार आहेत.

प्रत्येक भेटीला शाळेच्या संगीतशिक्षकांनी वर्गात थांबलंच पाहिजे. चौथ्या भेटीपासून हाताचे इशारे त्यांनी द्यायचे, तुम्ही मागे उभं राहायचं. मजकूर मराठी ठेवा. मुलांच्या ओळखीचे शब्द घेतले तर पालकांचे प्रश्नही येत नाहीत आणि उच्चारावर वेळ जात नाही.

कायद्याचं_पान

मजकूर मराठी घेताना जपा. ज्ञानेश्वर-तुकारामांचे अभंग सर्वांचे आहेत, पण त्याला विसाव्या शतकात लावलेली चाल तशी नसते. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. स्वतः चाल बांधा किंवा पारंपरिक घ्या.

विवाल्दी १७४१ मध्ये वारला, रचना मुक्त आहे. हे काम दोनशे वर्षांच्या आसपास विस्मरणात होतं आणि १९३९ मध्ये सिएना इथे पुन्हा वाजलं, त्यामुळे बाजारातल्या छापील आवृत्त्या विसाव्या शतकातल्या आहेत. संपादकाचा हक्क चालू असलेली प्रत झेरॉक्स करू नका. आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या संकेतस्थळांवर मुक्त प्रती मिळतात, प्रत्येक फाइलखालची अट वाचा.

हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या सवलतीत बसतो. तिकीट लावलंत की ती सवलत संपते आणि हक्क चालू असलेल्या प्रत्येक रचनेची परवानगी लागते. संस्था नोंदवायची असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सदस्य, आणि महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाकडे विश्वस्त संस्थेची नोंद.

आल्टो_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लोरिया नक्की केलं, शाळा दोन, आल्टोमधून चौघी टेनरकडे. ३० मिनिटांच्या आधी काय ठेवावं? आणि फाइलवर उजेड कसा आणायचा?

मंद्रषड्ज

आधी फक्त तंतुवाद्यांचं दहा मिनिटांचं काही, मग शाळेच्या मुलांचा भूपातला कॅनन कोरससह. मुलं गाऊन झाली की त्यांना पहिल्या दोन रांगांत बसवा, घरी पाठवू नका.

रंगमंचामागे

उजेड वरून पण थोडा समोरच्या कोनातून, पिवळसर, मंद करू नका. निव्वळ डोक्यावरून आला तर स्वतःच्या कपाळाची सावली पानावर पडते. फाइल काळी, पान चकचकीत प्लास्टिकमध्ये घालू नका, त्यावर दिवा चमकतो आणि उलटताना ३८ पानांचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पान उलटायची जागा स्वरांच्या मध्ये येत असेल तर पुढचे दोन बार हाताने खाली लिहून घ्या.